विश्लेषण : गुळवेलीचा काढा रोज घ्यावा का? तिच्या फायद्याचे आणि अपायाचे पुरावे काय सांगतात?

करोनाच्या साथीत कुंपणावरची गुळवेल स्वयंपाकघरात आली आणि अनेक घरांत ती तिथेच राहिली. साथ ओसरली, पण सकाळचा काढा, बाटलीतला रस किंवा गोळी काही थांबलेली नाही. त्याच साथीत मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली आणि आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष दिशाभूल करणारा असल्याचे सांगितले. एकीकडे 'अमृत', तर दुसरीकडे 'विष' अशा दोन टोकांच्या दाव्यांमध्ये पुरावा नेमका कुठे उभा आहे, याचा हा आढावा.

गुळवेल म्हणजे नेमकी कोणती वनस्पती?

शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. संस्कृतमध्ये गुडूची किंवा अमृता, हिंदीत गिलोय, आपल्याकडे गुळवेल, अमृतवेल. पाने हृदयाच्या आकाराची आणि गुळगुळीत. खोड आडवे कापले की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. तोडलेला तुकडा झाडावर लटकत राहिला तरी तो हवेतून मुळे सोडतो आणि पुन्हा फुटतो, म्हणून तिला 'छिन्नरुहा' असेही म्हणतात. औषधात मुख्यतः खोड वापरतात. जुना ताप, कावीळ, त्वचारोग, मधुमेह, संधिवात अशा अनेक तक्रारींवर आयुर्वेदात तिचा उल्लेख आहे. कडुनिंबावर चढलेली गुळवेल अधिक गुणकारी, असा समज गावोगावी आढळतो.

बाजारात ती अनेक रूपांत मिळते आणि ही रूपे सारखी नाहीत. काढा म्हणजे खोड उकळून काढलेला अर्क. घनवटी म्हणजे तो काढा आटवून केलेली गोळी, म्हणजे अधिक तीव्र रूप. 'सत्त्व' म्हणजे ठेचलेले खोड पाण्यात कालवून तळाशी बसलेली पांढरी पूड. यात बराचसा भाग पिष्टाचा असतो. 'मी गुळवेल घेतो' असे कोणी म्हणाले, तर त्याच्या पोटात नेमके काय आणि किती जाते, हे त्या एका वाक्यातून कळत नाही. पुढच्या साऱ्या वादात हा मुद्दा पुन्हा पुन्हा येतो.

करोनाकाळात काय बदलले?

गुळवेल पूर्वी प्रामुख्याने आजारी माणसाला, ठरावीक दिवस, वैद्याच्या सांगण्यावरून दिली जाई. साथीत ती निरोगी माणसे, घरातील सगळी जण, मुदत न ठरवता घेऊ लागली. आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केलेल्या आयुर्वेद व योगावर आधारित उपचार आराखड्यात संसर्गाचा धोका असलेल्यांसाठी गुडूची घनवटीचा समावेश होता. ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १५ दिवस ते एक महिना किंवा वैद्य सांगतील तितके दिवस, असे त्याचे स्वरूप होते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या संदेशांत मात्र गुळवेल राहिली आणि मुदत गळून गेली. त्यात आले, दालचिनी, मिरी, हळद, तुळस असे जे घरात सापडेल ते पडत गेले. मात्रा मोजली गेली नाही, दिवसही मोजले गेले नाहीत.

मुंबईतील डॉक्टरांना काय आढळले?

मुंबईतील यकृततज्ज्ञांच्या एका गटाने २०२१ मध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्सपेरिमेंटल हेपॅटॉलॉजी' या नियतकालिकात सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. हे रुग्ण २०२०च्या अखेरच्या महिन्यांत कावीळ आणि यकृताच्या बिघाडाच्या तक्रारी घेऊन आले होते. चौकशीत एक समान धागा सापडला. सगळे जण प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेल घेत होते. यातील एका रुग्णाचा मृत्यू झाला. काहींच्या यकृताच्या तुकड्याच्या तपासणीत 'ऑटोइम्यून हेपटायटिस'सारखे चित्र दिसले, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर हल्ला करत असल्याच्या खुणा.

सहा ही संख्या लहान आहे. अशा नोंदीतून 'गुळवेल घातक आहे' असे सिद्ध होत नाही. पण वैद्यकात दुष्परिणामांचा शोध बहुतेक वेळा अशाच लहान नोंदीतून सुरू होतो. एखाद्या डॉक्टरला दोन-चार रुग्णांत सारखेपणा जाणवतो, तो लिहून ठेवतो, मग इतर आपापल्या दप्तरात डोकावतात.

आयुष मंत्रालयाचा आक्षेप काय होता?

मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये खुलासा केला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती का, हे अभ्यासकांनी तपासले नाही, हा त्यातील मुख्य आक्षेप होता. गुळवेलीच्या कुळातील टिनोस्पोरा क्रिस्पा ही वनस्पती तिच्यासारखीच दिसते आणि तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आधीपासून आहेत. तिच्या खोडावर गाठीसारखे उंचवटे असतात. गुळवेलीच्या खोडावर तसे नसतात. चुकीची वेल तोडली गेली असेल, तर दोष गुळवेलीच्या माथी मारणे योग्य नाही, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचा पुनरुच्चार केला.

हा आक्षेप फेटाळण्याजोगा नव्हता. वनस्पतींच्या ओळखीतली चूक किती महागात पडू शकते, याचे उदाहरण बेल्जियममध्ये घडलेले आहे. ब्रुसेल्समधील एका वजन घटवण्याच्या केंद्रात चिनी वनौषधी असलेल्या गोळ्या दिल्या जात. चिनी नावे जवळपास सारखी असल्याने स्टेफॅनियाऐवजी अ‍ॅरिस्टोलोकियाच्या जातीची वनस्पती त्यात आली. १९९३ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी तरुण स्त्रियांची मूत्रपिंडे वेगाने निकामी होत असल्याचे प्रसिद्ध केले. पुढे अशा रुग्णांची संख्या शंभरावर गेली आणि त्यांतील अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला.

पण मंत्रालयाचा हा मुद्दा दोन्ही बाजूंना कापतो. तज्ज्ञ नसलेल्या माणसाला दोन वेलींतला फरक ओळखता येत नसेल, तर 'गुळवेल सुरक्षित आहे, बिनधास्त घ्या' हा सल्लाही तितकाच अपुरा ठरतो. कारण घेणारा नेमके काय घेतो आहे, हे त्यालाही ठाऊक नसते.

देशव्यापी अभ्यासातून काय पुढे आले?

यानंतर देशातील १३ केंद्रांतील डॉक्टरांनी एकत्र येऊन केलेला अभ्यास २०२२ मध्ये 'हेपॅटॉलॉजी कम्युनिकेशन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४३ रुग्ण होते आणि निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक कालावधी ४६ दिवसांचा होता. मिळू शकलेल्या औषधांच्या नमुन्यांची रासायनिक आणि विषशास्त्रीय तपासणीही या वेळी करण्यात आली.

सर्वाधिक रुग्ण होते ते यकृताचा जुना आजार अचानक बळावलेले. इतरांत तीव्र हेपटायटिस आणि यकृत निकामी होणे असे प्रकार दिसले. सुमारे दोन तृतीयांश, म्हणजे ६७.४ टक्के रुग्णांत गुळवेल आणि इजा यांचा संबंध 'संभाव्य' या श्रेणीत बसला. गुळवेलीमुळे ऑटोइम्यून हेपटायटिससारखा आजार उद्भवतो किंवा सुप्त असलेला तसा आजार उघड होतो असे दिसते, त्यामुळे ती जपून वापरावी, असा अभ्यासकांचा निष्कर्ष होता. त्यांची भाषा 'दिसते' अशी आहे, 'सिद्ध झाले' अशी नाही, हे लक्षात ठेवायला हवे.

दोष वनस्पतीचाच, हे ठरवतात कसे?

यकृताच्या इजेवर औषधाचे नाव कोरलेले नसते. त्यामुळे डॉक्टर वजाबाकी करत जातात. हेपटायटिस ए, बी, सी, ई यांच्या चाचण्या, मद्यपान, इतर औषधे, पित्तनलिकेतील अडथळा हे सारे आधी बाजूला काढले जाते. मग कालक्रम पाहतात. औषध सुरू झाल्यावर किती दिवसांनी त्रास झाला? बंद केल्यावर रक्ततपासणीतील आकडे उतरले का? नकळत पुन्हा घेतल्यावर त्रास परतला का? या प्रत्येक उत्तराला गुण देणाऱ्या पद्धती आहेत आणि त्यांच्या बेरजेवरून 'शक्य', 'संभाव्य', 'अत्यंत संभाव्य' अशा श्रेणी ठरतात.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. काढ्यात पाच वनस्पती असतील तर दोष एकीवर ठेवणे अवघड. रुग्णाला आधीच ऑटोइम्यून आजार असेल, तर तो गुळवेलीविनाही उफाळून आला असता का, याचे उत्तर एका रुग्णावरून देता येत नाही. आणि सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे या ४३ रुग्णांवरून धोका किती, हे काढता येत नाही. त्या काळात देशभर किती जणांनी गुळवेल घेतली, याचा हिशेब कोणाकडेच नाही. असंख्य लोकांना काहीही झाले नाही, हे खरे. म्हणून धोका दुर्मिळ असावा असे म्हणता येते. तो नाही असे म्हणता येत नाही.

मग गुळवेलीचा फायदा सिद्ध झाला आहे का?

या वनस्पतीवर प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर भरपूर काम झाले आहे. मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये गुळवेलीतून प्रतिकारपेशींना चालना देणारी एक बहुशर्करा वेगळी केली. म्हणजे 'प्रतिकारशक्तीवर परिणाम होतो' हा दावा हवेतला नाही. माणसांवरील चाचण्या मात्र मोजक्या आणि लहान आहेत. नागपूरच्या डॉक्टरांनी ७५ रुग्णांवर केलेली, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी त्यातल्या त्यात नीट आखलेली. अ‍ॅलर्जीच्या सर्दीत आठ आठवडे गुळवेलीचा अर्क घेणाऱ्यांच्या शिंका, नाक गळणे, नाक चोंदणे या तक्रारी बनावट गोळी घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाल्या.

याहून लक्षवेधी काम मुंबईच्या केईएम रुग्णालयातले. डॉ. शरदिनी डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पित्तनलिका बंद झाल्याने कावीळ झालेल्या ३० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेआधी नेहमीच्या उपचारांसोबत गुळवेल दिलेल्या गटात शस्त्रक्रियेनंतर ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण वाचले. गुळवेल न दिलेल्या गटात ४० टक्के. फरक मोठा आहे, पण रुग्ण ३०च. असा निकाल मिळाल्यावर शेकडो रुग्णांवर, अनेक रुग्णालयांत तोच प्रयोग पुन्हा व्हायला हवा. तेव्हाच तो निकाल पक्का की योगायोग, हे कळते.

निरोगी माणसाने रोज गुळवेल घेतली तर त्याला सर्दी, फ्लू किंवा करोना कमी होतो, हे दाखवणारा भक्कम पुरावा मात्र नाही. आणि बहुसंख्य लोक ती घेतात ती नेमकी याचसाठी.

यकृताला मदत करणारी वेल यकृताला इजा कशी करेल?

वरवर पाहता हा विरोधाभास आहे. पण प्रतिकारशक्ती म्हणजे पाण्याची टाकी नव्हे, की जितकी भरेल तितकी चांगली. ती पहाऱ्यासारखी आहे. पहारेकरी सुस्त असतील तर जंतू आत शिरतात आणि अति उत्तेजित झाले तर घरच्या माणसांवरच काठी चालवतात. ल्युपस, संधिवाताचा ऱ्हुमॅटॉइड प्रकार, हाशिमोटो थायरॉइड, ऑटोइम्यून हेपटायटिस या आजारांत नेमके हेच होते. पित्तनलिका तुंबलेल्या, जंतुसंसर्गाच्या कडेवर असलेल्या रुग्णाला जी चालना उपकारक ठरेल, तीच चालना ऑटोइम्यून प्रवृत्ती असलेल्या माणसाला अपायकारक ठरू शकते. हे स्पष्टीकरण तर्काला धरून आहे, मात्र त्याचा थेट पुरावा अजून गोळा व्हायचा आहे.

अपाय सर्वांना न होता काहींनाच का होतो, याचा एक धागा हळदीच्या अभ्यासातून मिळतो. अमेरिकेत हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातील सात जणांत प्रतिकारयंत्रणेशी निगडित एक विशिष्ट जनुकीय प्रकार आढळला. भाजीतली चिमूटभर हळद आणि अर्क काढून, मिरीतील पायपरिन घालून शोषण वाढवलेली गोळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्यातून अधोरेखित झाले.

शतकानुशतकांचा वापर हा पुरावा नाही का?

आहे, पण मर्यादित. घेतल्याबरोबर उलट्या होतात, चक्कर येते, माणूस दगावतो अशा वनस्पती परंपरेने केव्हाच ओळखून बाजूला काढल्या किंवा शुद्धीची कृती बांधून दिली. बिब्बा, बचनाग, कुचला ही त्याची उदाहरणे. परंपरेला न दिसणारा अपाय दोन प्रकारचा असतो. एक, उशिरा होणारा. काढा बंद करून वर्षे लोटल्यावर कर्करोग झाला तर दोन्हींचा संबंध कोण जोडणार? दुसरा, क्वचित होणारा.

क्वचित होणाऱ्या अपायाचे गणित साधे आहे. एखादे औषध ३०० जणांना दिले आणि एकालाही त्रास झाला नाही, तरी शंभरात एकाला होणारा अपाय नाकारता येत नाही. दहा हजारांत एकाला होणारा अपाय आहे की नाही हे खात्रीने कळायला सुमारे ३० हजार जणांकडे लक्ष ठेवावे लागते. नागपूरच्या चाचणीत एकूण ७५ रुग्ण होते आणि त्यातही गुळवेल मिळालेले त्याहून कमी. एखाद्या अनुभवी वैद्याने आयुष्यभरात काही हजार रुग्णांना गुळवेल दिली, त्यातील एकाला दीड महिन्याने कावीळ झाली आणि तो दुसऱ्याच डॉक्टरकडे गेला, तर वैद्याचा 'माझ्या कोणत्याही रुग्णाला त्रास झाला नाही' हा अनुभव प्रामाणिक असूनही अपुरा ठरतो. शिवाय जुना अनुभव होता ठरावीक दिवसांच्या, आजारी माणसाला दिलेल्या गुळवेलीचा. निरोगी माणसाने महिनोन्‌महिने घेण्याचा अनुभव परंपरेकडेही फारसा नाही.

कायदा आणि नोंदींची स्थिती काय?

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली मान्य ग्रंथांत वर्णन केलेल्या आयुर्वेदिक औषधाला त्याच उपयोगासाठी परवाना घेताना नव्या सुरक्षितता चाचण्या द्याव्या लागत नाहीत. ग्रंथाचा आधार पुरतो. अशा वेळी बाजारात आल्यानंतरची नोंद हाच सुरक्षिततेचा मुख्य आधार उरतो. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१८ पासून सुरू आहे आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था त्याचे समन्वयन करते. पण नोंद होण्यासाठी रुग्णाने सांगावे लागते आणि डॉक्टरने विचारावे लागते. इथेच साखळी तुटते. 'कोणती औषधे चालू आहेत?' या प्रश्नावर रक्तदाबाची गोळी सांगितली जाते. काढा सांगितला जात नाही, कारण घरात त्याला कोणी औषध मानतच नाही.

सामान्यांनी काय काळजी घ्यावी?

यकृताचा कोणताही जुना आजार, ऑटोइम्यून आजार किंवा घरात तसा इतिहास असेल, अवयव प्रत्यारोपण झाले असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील, तर गुळवेल स्वतःहून घेऊ नये. फॅटी लिव्हरसारखे आजार वर्षानुवर्षे लक्षणांविना राहतात, त्यामुळे 'मला काही आजार नाही' हा अंदाज चुकू शकतो. गुळवेलीने रक्तातील साखर उतरू शकते, म्हणून मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे. गर्भवती आणि स्तनदा मातांनीही तेच करावे.

वैद्याने गुळवेल दिली असेल तर मात्रा आणि दिवस दोन्ही विचारून घ्यावेत. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात चूर्णासाठी ३ ते ६ ग्रॅम आणि काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम खोड असे प्रमाण दिले आहे. 'मूठभर' हे माप नव्हे. कुंपणावरची वेल स्वतःच्या ओळखीवर तोडून उकळू नये. गुळवेलीचा काढा, रस आणि गोळी एकाच वेळी घेऊ नये.

भूक मरणे, सतत मळमळ, अकारण थकवा, अंगाला खाज, गडद पिवळी लघवी, डोळे पिवळे होणे यांपैकी काही जाणवले तर गुळवेल लगेच थांबवावी आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी. कावीळ झाली म्हणून गुळवेल वाढवणे ही सर्वांत धोकादायक चूक ठरू शकते. डॉक्टरांकडे जाताना बाटली, गोळ्यांचे पाकीट किंवा वेलीचा तुकडा सोबत न्यावा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावरही करता येते.

गुळवेल कामाची असू शकते, असे म्हणण्याइतका पुरावा आज आहे. सर्वांनी ती रोज घ्यावी, असे म्हणण्याइतका पुरावा नाही. केईएम आणि नागपूरच्या डॉक्टरांनी सुरू केलेले काम मोठ्या चाचण्यांपर्यंत गेले आणि प्रत्येक संशयित अपायाची नोंद झाली, तर कोणाला, किती आणि किती दिवस, याचे उत्तर मिळेल. तोवर डॉक्टरांनी औषधांची यादी विचारली, तर त्यात काढ्याचेही नाव घ्यावे.